पडद्यावरचा बाण

माउस हलत होता. मी तो टेबलावर पुढे-मागे, गोल-गोल, दाबून, उचलून सगळ्या तऱ्हांनी फिरवत होतो. पडद्यावरचा बाण मात्र मधोमध येऊन बसला होता आणि जागचा हलायला तयार नव्हता.

"काय करायलात?"

मी दचकून मागे पाहिलं. चिद्रवार मॅडम दारात उभ्या होत्या, काखेत नकाशांच्या गुंडाळ्या.

"म-मॅडम, हा च-च-च..."

त्या थांबल्या. मान हलवली नाही, हसल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या, आणि माझे "चालत नाही" हे शब्द पुरे बाहेर आल्यावरच आत आल्या.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, जमिनीखालच्या पाण्याचं सर्वेक्षण करणाऱ्या कार्यालयात कनिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून नुकता लागलो होतो. त्र्यंबक पांचाळ हे माझं नाव, आणि हे नाव मला स्वतःला धड उच्चारता येत नव्हतं. लहानपणापासून मी अडखळत बोलतो. शाळेत मला तोतऱ्या म्हणायचे, कॉलेजात म्हणायचे नाहीत पण माझी नक्कल करायचे, आणि नोकरीत सगळे फार चांगले वागायचे. चांगले म्हणजे माझं वाक्य माझ्या आधी पुरं करून टाकायचे. आमचे जिंतूरकर साहेब तर देवमाणूस. मी "साहेब, ब-ब" म्हटलं की ते म्हणायचे, "बोअरचे नमुने ना? आण, आण." कधीकधी मला बसचा पास म्हणायचं असायचं. मी नमुने आणून द्यायचो.

चिद्रवार मॅडम एकट्याच अशा, की ज्या माझं वाक्य पुरं करत नसत. त्या आमच्याकडे आरेखक होत्या. गावांचे, विहिरींचे, खडकांच्या थरांचे नकाशे काढायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं इतकं मोजकं की ऑफिसात त्यांना सगळे घमेंडी समजत. कुणाला नावानं हाक मारायच्या नाहीत. "अहो" नाहीतर "इकडं या" एवढंच. मलाही त्यांची जरा भीतीच वाटायची.

त्या दिवशी सकाळी साडेसातला जिंतूरकर साहेबांचा फोन आला होता. त्यांची आई रात्री न्हाणीघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि ते तिला घेऊन लातूरला निघाले होते.

"अकराच्या बैठकीत तूच बोल बाबा," ते म्हणाले. मग त्यांनी पुढे विचारलं, "जमंल का? नसंल जमत तर तसं सांग. पुढच्या महिन्यावर ढकलायला लावतो."

पुढच्या महिन्यावर ढकलून चालणार नव्हतं. उन्हाळ्यासाठी नवे हातपंप कुठे घ्यायचे त्याची यादी त्याच बैठकीत पक्की व्हायची होती, आणि त्या यादीत माळबोरगाव आणि त्याच्या आजूबाजूच्या तीन वस्त्या होत्या. त्या भागातल्या बोअरच्या पाण्यात दात आणि हाडं खराब करणारं फ्लोराइड निघालं होतं, तेही थोडंथोडकं नाही. मी महिनाभर तिथे नमुने घेत फिरलो होतो. पोरांचे दात पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे. चाळिशीतला माणूस मागून हाक मारली तर मान वळवू शकत नव्हता, सगळं अंग घेऊन वळायचा. गुडघे आखडलेल्या बाया हातपंपावर रांगेत उभ्या राहून तेच पाणी घरी न्यायच्या. गावाला वाटायचं, आपल्या मातीतच वात आहे. आता त्याच खडकात आणखी खोल जाऊन आणखी पंप घ्यायचे ठरत होतं.

"ब-बोलतो," मी साहेबांना म्हटलं.

फोन ठेवला आणि अहवाल घेऊन निघालो.

बैठक जिल्ह्याच्या मोठ्या सभागृहात होती. तिथली रचना अशी, की कॉम्प्युटर मागच्या दाराजवळ एका लोखंडी कपाटात बसवलेला, आणि बोलणाऱ्याचं टेबल पार समोर, पडद्याच्या बाजूला. एवढ्या लांब वायरचा माउस पोचत नाही म्हणून कुणीतरी नवा बिनवायरचा माउस मागवला होता. तो खोक्यातच होता. ऑपरेटर निवडणुकीच्या कामावर गेलेला. तेव्हा असले माउस आमच्याकडे कुणी हाताळलेले नव्हते. मी खोकं फोडलं, माउस काढला, टेबलावर ठेवला आणि आपला फिरवत बसलो.

मॅडमनी नकाशे खुर्चीवर ठेवले, माझ्या हातातून माउस घेतला आणि उलटा केला.

"लाल दिवा कुठंय?"

"न-नाही लागला."

त्यांनी नखानं पोटाचं झाकण सरकवलं. आत दोन सेल होते, पण एका सेलच्या टोकाशी पातळ प्लास्टिकची चकती अडकवलेली होती. ती त्यांनी ओढून काढली. दिवा लागला. पडद्यावर मात्र काही फरक नाही.

"याच्यासोबत अजून काही असंल," त्या म्हणाल्या.

मी खोकं पालथं केलं. कागदाच्या घडीतून काडेपेटीएवढा एक काळा डबा पडला, शेपटीसारखी वायर आणि तिच्या टोकाला पिन.

"हे तिकडं लावायचं. मग तो याचं ऐकंल."

मी कपाटाकडे गेलो, कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत पिन बसवली. मॅडमनी माउस हलवला. बाण थरथरला, एक उडी मारली आणि पुन्हा थांबला.

"तुमचं ते कपाट लोखंडी हाय," त्या लांबूनच म्हणाल्या. "डबा बाहेर काढा त्याच्या."

वायर जरा आखूडच होती. शेजारच्या खोलीतून एक जोडवायर मिळाली, ती मधे लावून मी तो डबा कपाटाबाहेर, भिंतीच्या कडेनं अर्ध्या सभागृहापर्यंत आणला आणि एका खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. डब्यावर एक बारीक बटण होतं, माउसच्या पोटाखालीही तसंच एक.

"दोन्ही दाबू. आधी तुमचं," त्या म्हणाल्या.

मी माझं दाबलं. त्यांनी त्यांचं दाबलं. आणि पडद्यावरचा बाण आळोखेपिळोखे दिल्यासारखा हलला आणि सरळ वर निघून गेला. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर विसरलोच, बोलायचं अजून बाकी आहे.

"मागच्या रांगेतनं चालतंय का बघते," असं म्हणत मॅडम माउस घेऊन सगळ्यात मागे गेल्या, भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या, नकाशाची एक गुंडाळी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर माउस फिरवला. बाण मुकाट्यानं फिरला. तेवढ्यात दार उघडलं आणि माणसं यायला लागली. पाठोपाठ जिल्हाधिकारी आले. मी घाईघाईनं टेबलाशी जाऊन उभा राहिलो, आणि उभा राहिल्यावर लक्षात आलं, माउस मॅडमकडेच राहिला.

मागे जाऊन तो आणायची हिंमत झाली नाही. जिल्हाधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाले, "करा सुरुवात."

"न-नमस्कार," मी म्हणालो. ते जमलं. मग स्वतःचं नाव सांगायला गेलो.

त्र्यंबकमधला त्र. जीभ टाळ्याला चिकटली आणि सुटेचना. माझी मान एका बाजूला खेचली गेली, डोळे मिटले गेले, हे मला कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं. कुणाची तरी खुर्ची करकरली. कुणी मोबाईल काढला. पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मी नाव सोडून दिलं आणि "माळबोरगाव" म्हणायला गेलो तर म वर अडकलो. "म-म-म-म." पुढे काही नाही.

कुठलेतरी सभापती मागे बसले होते, ते म्हणाले, "अहो, यांच्या ऑफिसचं दुसरं कोणी नाही का? त्या पोराला कशाला तरास."

वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. जिल्हाधिकारीही समजुतीच्याच सुरात म्हणाले, "असं करा, तुमचा अहवाल ठेवून द्या. आम्ही वाचतो."

त्यांच्यापुढे आधीच अहवालांचा हातभर ढीग होता. माझा त्यावर गेला असता, यादी पक्की झाली असती, आणि माळबोरगावात गाडी जाऊन बोअर पाडले गेले असते. मी अहवाल उचलला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटत होतं.

तेव्हा पडद्यावर काहीतरी हललं.

पडद्यावर माझी पहिली स्लाइड लागलेली होती आणि बाण तिच्या वरच्या कोपऱ्यात होता. तो सावकाश खाली आला आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या शब्दाखाली येऊन थांबला. मला वाटलं, माउस पुन्हा बिघडला. बाण थोडा डावीकडे गेला, परत त्याच शब्दाखाली आला, आणि थांबला. कुणीतरी पाटीवर बोट ठेवून वाट बघावी तसा.

जिंतूरकर साहेबांना स्लाइडवर अख्खी वाक्यं लागत. त्यांच्यासाठीच मी ती तशी लिहिली होती. मी माणसांकडे बघणं सोडलं आणि शब्दाकडे पाहिलं.

"माळबोरगाव," मी वाचलं.

बाण पुढच्या शब्दाखाली सरकला.

"परिसरातील," मी म्हणालो. बाण सरकला. "बोअरच्या." सरकला. "पाण्याची." सरकला.

त्या चालीत एक ठेका होता. फार संथ नाही, घाईचा तर मुळीच नाही. मी फक्त त्या ठेक्यावर पाऊल टाकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा सबंध वाक्य माझ्या तोंडून न तुटता बाहेर पडलं, आणि ते माझंच आहे हे कळायलाही मला जरा वेळ लागला. दुसऱ्या स्लाइडवर "फ्लोराइड" आलं. मी अडकलो. बाण पुढे गेला नाही. तो तिथेच थांबला, मग एक शब्द मागे आला, आणि मागच्या शब्दासह पुन्हा धाव घेतल्यासारखा फ्लोराइडखाली आला. मीही मागचा शब्द पुन्हा घेतला आणि त्याच्या जोरावर फ्लोराइड पार केलं.

असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मी बोलत होतो. दातांचे फोटो आले, मान न वळणाऱ्या माणसाचा फोटो आला. मोबाईल खिशात गेले. जिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याकडे वाकून बसले.

शेवटी नकाशा आला. मॅडमनी काढलेला. त्यावर वाचायला वाक्यं नव्हती, नुसते ठिपके आणि रेषा. नेमका तेव्हाच प्रश्न आला.

"ठीक आहे, बोअर नको," जिल्हाधिकारी म्हणाले. "मग लोकांनी प्यायचं काय?"

उत्तर मला पाठ होतं. त्या उत्तरासाठीच मी महिनाभर पायपीट केली होती. पण प्रश्न अंगावर आला की माझं डोकं पाटी पुसल्यासारखं कोरं होतं, तसं ते झालं.

बाण गावावरून निघाला. ओढ्याच्या निळ्या रेषेवर आला, रेषेच्या कडेकडेनं खाली गेला आणि एका लहानशा वर्तुळापाशी थांबला. ओढ्याकाठची जुनी विहीर. उथळ विहीर, गाळानं भरलेली, पण तिचं पाणी मी तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा ते चांगलं निघालं होतं.

"ही व-विहीर," मी म्हणालो. बाण थांबून राहिला. "हिचं पाणी चांगलं आहे. खोल खडकातलं पाणी वाईट, वरच्या थरातलं चांगलं." बाण विहिरीतून निघाला आणि गावाकडे चालू लागला, आणि मी त्याच्यासोबत चालत बोललो. "गाळ काढला, बांधून घेतली, इथनं इथपर्यंत नळ आणला, इथं टाकी ठेवली, तर तिन्ही वस्त्यांना पुरंल."

टाकीच्या जागेवर बाण थांबला. मीही थांबलो. मागे कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. ते मघाचेच सभापती होते.

पुढचं आधी सांगून टाकतो. यादीतून ते पंप गळाले. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ निघाला, दिवाळीच्या सुमारास टाकीत पाणी पडलं, आणि जुन्या पंपांचे दांडे काढून, इथलं पाणी प्यायचं नाही अशी खूण म्हणून पंपांना लाल रंग फासला गेला. आखडलेले गुडघे काही सरळ झाले नाहीत. पण मी गेल्या वर्षी तिकडे गेलो होतो, तेव्हा शाळा सुटली होती आणि पोरं हसत माझ्या गाडीमागे पळत आली. त्यांचे दात बघायला मी मुद्दाम थांबलो.

बैठक संपल्यावर सभागृह रिकामं झालं. मॅडम मागच्या रांगेत नकाशांना दोरे बांधत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. आभार मानायचे होते आणि अर्थातच शब्द निघत नव्हता.

"चहा पिऊ," त्या म्हणाल्या.

आवारातल्या टपरीमागे एक बाकडं होतं. दुपारची वेळ, तिथे आम्ही दोघंच. ग्लास हातात आल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला क-कसं कळलं? असं केल्यावर मला ज-जमेल म्हणून?"

त्यांनी ग्लास बाकड्यावर ठेवला आणि तोंड उघडलं.

"आ," त्या म्हणाल्या. "आ-आ-आ..."

त्यांची मान एका बाजूला गेली. डोळे मिटले. ओठ ताणले गेले. मी ते दृश्य आरशाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं.

"आमचे अण्णा," शेवटी शब्द सुटला. "किराणा दुकान होतं आमचं. रोज संध्याकाळी ते मला पेपर वाचायला लावायचे. ओ-ओळीखाली बोट फिरवायचे. मी अडले की बोट थांबायचं. ते काही बोलायचे नाहीत. बोट फक्त थांबायचं."

मग मला एकेक उमजत गेलं. मोजकं बोलणं, ठरावीक वाक्यं, कुणाचंही नाव न घेणं. नावाला दुसरा शब्द नसतो. बाकी कुठलाही शब्द अडला तर बाजूला ठेवून दुसरा उचलता येतो. नावाचं तसं करता येत नाही. इतकी वर्षं सगळ्या ऑफिसनं आपल्याला घमेंडी म्हटलेलं त्यांनी चालवून घेतलं होतं, पण तोंड उघडून हे दिसू दिलं नव्हतं.

"ऑफिसात कुणाला म-माहीत नाही?"

"नाही. मी येणारे शब्द हे-हेरून ठेवते. अडणारे टाळते. थकायला होतं फार." त्या जरा हसल्या. मी त्यांना प्रथमच हसताना बघत होतो. "तुम्ही टाळत नाही. अडता, लाल होता, पण म्हणायचं तेच म्हणता. मी रोज बघते. मला तुमचा हे-हेवा वाटतो."

माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्याचा कुणी हेवा केला नव्हता.

"माउस म-मुद्दाम ठेवून घेतला होता का?"

"नाही हो. द्यायचा राहिला. तुम्ही अहवाल उचलला तेव्हा माझा हात आपोआप हलला."

मी ग्लास खाली ठेवला, नीट बसलो, आणि म्हणालो, "मॅडम, तुमचे उ-उपकार..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझं वाक्य त्यांनी तोडल्याची ही एकच वेळ.

"ऐका," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी न-नकाशे काढते. मीटिंगला येते, मागं बसते. माझा नकाशा दुसरंच कुणीतरी दा-दाखवतं. कधी चुकीची विहीर दाखवतात, कधी ओढा उलटा वाहवतात. मला सगळं दिसतं आणि मी ग-गप बसते. आज विहिरीवर मी स्वतः गेले. तिथून गा-गावात आले. सगळे बघत होते." त्या थांबल्या. कुठलातरी शब्द अडला होता, आणि तो टाळून दुसरा घ्यायचा की नाही याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. त्यांनी टाळला नाही. बराच वेळ लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिलो.

"त्र-त्र्यंबकराव," त्या म्हणाल्या, "आज मी पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलले."

टपरीवाल्यानं विचारलं, आणखी दोन देऊ का. आम्ही दोघांनीही हो म्हणायला तोंड उघडलं आणि दोघंही एकदमच अडलो. तो बिचारा किटली हातात धरून उभा राहिला.